‘नेब्रास्का’ खरंच साधा आहे का?

घरी रेकॉर्ड केलेल्या गाण्यांबद्दल लिहिताना ‘प्रामाणिक’, ‘निखळ’ असे शब्द आपण सहज वापरतो. प्रबंधात असा शब्द आला की गाईड विचारणारच : म्हणजे नेमकं काय?

ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ (१९८२) घ्या. न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केलेला अल्बम. मुळात ही बँडला ऐकवायची कच्ची टेप. बँडसोबत गाणी वाजवून पाहिली, पण मनासारखं जमेना. शेवटी खिशात घेऊन फिरलेली ती कॅसेटच अल्बम म्हणून आली.

आता हेडफोन लावून ऐका. आवाजामागचा घुमारा त्या खोलीचा नाही; मिक्स करताना एकोप्लेक्स नावाच्या यंत्रातून तो मुद्दाम घातलाय. म्हणजे ‘काहीच न मिसळलेला आवाज’ हे विधान इथंच बाद.

मग ती शांतता येते कुठून? माझ्या मते, ट्रॅकच्या टंचाईतून. गिटार आणि गळ्याने दोन ट्रॅक खाल्ले की उरतात दोनच. माउथ ऑर्गन, दुसरी गिटार, जोडीचा सूर, जे काय हवं ते त्यातच बसवायचं. त्यामुळे ‘अटलांटिक सिटी’च्या धृपदात नुसता जोडीचा सूर आला तरी गाणं भरून येतं.

२०२५मध्ये बँडच्या आवृत्त्याही प्रकाशित झाल्या, त्यामुळे हे ताडून पाहता येतं. गाणं तेच, गायक तोच. बदलली ती साथ (आणि साथीमुळे गाण्याची ढबही, हे विसरू नका). बँडचं ‘अटलांटिक सिटी’ जोरकस आहे. पण गाणं कर्जात बुडालेल्या एकट्या माणसाचं. ड्रम्स आले की त्याच्या पाठीशी चार माणसं उभी असल्यासारखी वाटतात.