श्यामची मोळी

पिंगळीच्या माउलींनो, ‘श्यामची आई’ वाचताना आपले डोळे भरतात. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. मला मात्र त्यातला मोळीचा प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. अस्पृश्य गणलेल्या म्हातारीची मोळी उचलून दे, असे आई श्यामला सांगते; आणि नंतर आंघोळ कर, असेही! माया उंबरठा ओलांडते, पण विटाळ सोबत घेऊन. हे आईचे उणेच म्हणायचे. गुरुजींनी ते झाकले नाही, म्हणून पुस्तक खरे. लेकरू पुढची वाट चालले. विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. आपल्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरची झाली, ती याच पंढरीत. दिंडीत श्यामची गोष्ट सांगाल, तेव्हा ती तिथवर न्या.