निषेधाचे व्याकरण

आयरिश कवी शीमस हीनी यांच्या ‘नॉर्थ’ (१९७५) या संग्रहात एक दीर्घ कविता आहे. तिच्या शीर्षकाचा आशय असा: काहीही बोला, पण सांगू नका काहीच. पुढारी व वार्ताहर यांच्या तोंडी गुळगुळीत झालेले शब्द कवी तेथे एकेक वेचून ठेवतो. त्यांच्या शेजारी तो ओठ मिटून बसलेली सामान्य माणसे उभी करतो. नाव व शाळा कळताच शेजाऱ्याचा पंथ ताडणारी ही माणसे आहेत. कॅथलिक शेतकरी घरात जन्मलेला हा कवी स्वतःला त्या मौनातून वगळत नाही, म्हणूनच त्याचा उपरोध बोचतो.

ही कविता केवळ त्या काळापुरती आहे असे कोणी म्हणेल. तीन दशकांत सुमारे साडेतीन हजार बळी घेणारा उत्तर आयर्लंडचा संघर्ष १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने शमला आणि दोन्ही समाज एकाच मंत्रिमंडळात बसले, हे खरे. तथापि २०२१ च्या एप्रिलमधील बेलफास्टची निवेदने हीनींच्या कवितेशेजारी ठेवून वाचावीत, असे मला वाटते.

ब्रेक्झिटनंतर ब्रिटनहून येणाऱ्या मालावर सागरी तपासणी आली, याचा ब्रिटननिष्ठ वस्त्यांत रोष होता. त्यात जून २०२० मधील एका अंत्ययात्रेची भर पडली. माजी आयआरए नेते बॉबी स्टोरी यांच्या त्या यात्रेत कोविडचे निर्बंध असताना मोठी गर्दी लोटली. उपप्रथममंत्री मिशेल ओ’नील याही तीत होत्या. मार्च २०२१ अखेर शिन फेनच्या नेत्यांवर खटले न भरण्याचा निर्णय झाला. ज्या सरकारने नियम केले त्यातील प्रमुखांनीच ते सैल धरले, हे आपण कॅथलिकांनीही स्पष्ट म्हटले पाहिजे.

७ एप्रिल रोजी लॅनार्क वे येथे, दोन वस्त्यांमधील ‘शांतिभिंती’च्या फाटकाजवळ, एक बस जाळण्यात आली. भिंतीवरून दोन्ही बाजूंनी पेट्रोलबॉम्ब पडले. जमावात बारा-तेरा वर्षांची मुले होती. प्रथममंत्री आर्लीन फॉस्टर यांनी तत्काळ निषेध केला: हे आंदोलन नव्हे, ही नासधूस व खुनाचा प्रयत्न आहे. येथवर वाक्य निर्दोष आहे. पण पुढे त्यांनी जोडले की अशा कृत्यांमुळे शिन फेनमधील खऱ्या कायदेभंजकांवरून लक्ष उडते. एका शेपटाने सारा निषेध परत घेतला! पापनिवेदनाला येणारा जेव्हा ‘चुकलो, पण त्याने आधी...’ असे म्हणतो, तेव्हा त्या ‘पण’नंतर तो स्वतःविषयी बोलत नसतो, हे प्रत्येक धर्मगुरू जाणतो.

दुसऱ्या दिवशी ईस्टरच्या सुट्टीतून विधानसभा बोलावण्यात आली व निषेधाचा ठराव एकमताने संमत झाला. मंत्रिमंडळाने संयुक्त निवेदन काढले: मतभेद असले तरी कायदा व सुव्यवस्थेच्या पाठीशी आम्ही एक आहोत. मात्र पोलीसप्रमुखांनी राजीनामा द्यावा अशी मागणी याच प्रथममंत्र्यांनी थोड्याच दिवसांपूर्वी केली होती. त्या निवेदनात एकही शब्द खोटा नाही, आणि एकही शब्द त्या तेरा वर्षांच्या मुलाला उद्देशून नाही. हीनींच्या माणसांचे मौन भीतीतून आलेले होते. या शब्दबहुल मौनाला भीतीचे कारणही पुरत नाही.

त्याच रात्री स्प्रिंगफील्ड रोडवर पोलिसांनी सहा वर्षांत प्रथमच पाण्याचे फवारे वापरले. तेथे युवा कार्यकर्ते व रहिवासी मुलांना मागे सारीत रांग करून उभे राहिले. त्यांनी निवेदन काढले नाही. समीक्षकाच्या दृष्टीने त्यांच्याजवळ ‘मजकूर’ नव्हता, परंतु ज्यांना संबोधायचे ते समोर होते.

९ एप्रिलला प्रिन्स फिलिप निवर्तले. लगोलग ब्रिटननिष्ठ वस्त्यांत फलक लागले: राणी व राजघराण्याच्या आदरार्थ निदर्शने पुढे ढकलावीत. त्या रात्री तुरळक चकमकी झाल्या, आणि मग रस्ते शांत होत गेले. आठवडाभराच्या साऱ्या राजकीय गद्यात ‘पण’ नसलेले, वाचणाऱ्याला थेट उद्देशून लिहिलेले वाक्य तेवढेच मला आढळले.