सेवा कोणाची? – एका आराखड्याची चिकित्सा

आपल्या स्मरणिकेत प्रवासवर्णने, पाककृती आणि मुलांच्या कविता यांच्या मधोमध संगणकाच्या आराखड्यावरचा लेख म्हणजे श्रीखंडात खडा. तरी संपादकांनी पाने दिली, त्यांचे आभार. खोबर-दम्मामच्या आपल्या बऱ्याच घरांत कोणी ना कोणी ‘आयटी’त आहे. ‘बाबा ऑफिसात नक्की करतात काय?’ हा मुलांचा प्रश्न आमच्या घरीही विचारला जातो. त्याचे हे उशिरा दिलेले उत्तर. उत्तर फारसे अभिमानाचे नाही, हे आधीच सांगून टाकतो.

२००७ साली मी इथल्या एका कंपनीत आयटी नियोजनाच्या गटात होतो. तेव्हा जो तो ‘सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर’, म्हणजे ‘एसओए’, हा मंत्र जपत होता. कल्पना तशी घरगुतीच आहे. दिवाळीला पाच घरांनी प्रत्येकी चकली, करंजी, लाडू, चिवडा, शेव असे सगळे करायचे, की एकेका घराने एकेक पदार्थ करून सर्वांना पुरवायचा? कंपनीतही तेच. पगाराचा, रजेचा, गेटपासचा, प्रवासाचा असे सगळे प्रोग्रॅम आपापल्या पोटात कर्मचाऱ्याचे नाव-गाव वेगवेगळे बाळगून असतात. त्याऐवजी ‘कर्मचाऱ्याची माहिती’ ही एकच सेवा करावी आणि बाकीच्यांनी ती ठरलेल्या नमुन्यात मागून घ्यावी. सेवेच्या आत काय चालते याच्याशी मागणाऱ्याला कर्तव्य नाही.

आम्ही तीन वर्षांचा आराखडा केला. भिंतभर तक्ता, त्यावर एकशे चाळीस सेवांचे रंगीत चौकोन, आणि सगळ्यांना जोडणारी मधली ‘सर्व्हिस बस’. ही बस म्हणजे निरोप इकडून तिकडे पोचवणारे महागडे सॉफ्टवेअर. वरिष्ठांसमोर तक्ता मीच मांडला आणि टाळ्याही मीच घेतल्या. टेबलावर थॉमस अर्लचे २००५ सालचे जाडजूड पुस्तक असे. सेवा सुटी असावी, पुन्हा वापरता यावी, तिचा करार ठरलेला असावा, अशी आठ तत्त्वे त्यात आहेत. तत्त्वे बरोबरच आहेत. पण ती सेवा कशी घडवावी हे सांगतात. चकली किती तिखट करायची हे कोणत्या घराने ठरवायचे, ते सांगत नाहीत. आमच्या तक्त्यावरही प्रत्येक चौकोनाखाली प्रोग्रॅमचे नाव होते, माणसाचे नव्हते.

परीक्षा झाली २०१३ साली, आणि तीही अचानक. २३ जूनला राजे अब्दुल्ला यांचा आदेश निघाला, की गुरुवार-शुक्रवारची सुट्टी आता शुक्रवार-शनिवार होणार, आणि तीही २९ जूनपासून. मधे जेमतेम सहा दिवस. आमच्या कंपनीनेही तीच तारीख धरली. घरोघरी आनंद झाला, कारण गुरुवार, शुक्रवार आणि नवा शनिवार अशी तीन दिवसांची सुट्टी आयती हाती आली. आम्हीही पूल ओलांडून बहारीनला जायचे ठरवले होते. गेलो नाही, हे वेगळे सांगायला नको.

कारण आठवड्याची सुट्टी कुठली, हे ज्ञान आमच्याकडे एका जागी नव्हतेच. पगाराच्या प्रोग्रॅममध्ये ते होते, रजेच्या होते, गेटवरच्या हजेरीत होते, ओव्हरटाइमच्या तक्त्यात होते आणि कंत्राटदारांच्या बिलात होते. सहा वर्षे आम्ही या प्रोग्रॅमांना बाहेरून सेवेची झूल चढवून बसला जोडत होतो. आतला जुना बैल तसाच. बसमधून निरोप मात्र फार वेगाने जात होते, इतके, की हजेरीतली चूक त्याच रात्री पगारात पोचली. २९ जूनच्या शनिवारी सुट्टी म्हणून घरी राहिलेले रोजंदारीचे कामगार गैरहजर नोंदले गेले. त्या दिवशी खास बोलावलेल्यांची हजेरी साध्या दिवसाची धरली गेली, म्हणजे त्यांचा दीडपट ओव्हरटाइम बुडाला.

आमच्यासारख्यांचे महिन्याच्या पगारात काही अडले नाही. ज्यांचे अडले ते थुकबाच्या खोल्यांमध्ये आठ-आठ जण राहणारे, महिन्याच्या ठरल्या तारखेला गावी पैसे पाठवणारे. एक फोरमन हिशेबाचा कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आला. एक दिवसाची मजुरी कापलेली. ‘साहब, छुट्टी तो बादशाह ने दी थी, काटी किसने?’ एवढेच त्याने विचारले. दोन महिन्यांनी पैसे परत मिळाले. पण त्या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते. हजेरीवाले म्हणाले, दिनदर्शिका मनुष्यबळ खात्याची. मनुष्यबळ म्हणाले, ती पगारखात्याची. पगारखाते म्हणाले, आम्हाला बसवरून येते ते आम्ही घेतो.

आता या विचारपद्धतीतच खोट होती की आमच्या वापरात? माझे मत असे, की पद्धतीचा दोष कमी, पण तिच्या प्रचारकांचा पुष्कळ. एमआयटीच्या जीन रॉस, पीटर वाइल आणि डेव्हिड रॉबर्टसन यांचे ‘एंटरप्राइज आर्किटेक्चर ॲज स्ट्रॅटेजी’ हे पुस्तक २००६ साली आले होते. त्यात कंपन्यांच्या वाढीच्या चार पायऱ्या आहेत: प्रत्येक खात्याचे वेगळे बेट, मग तंत्रज्ञानाचे सारखेपण, मग मूळ माहिती आणि मुख्य कामे एकसूत्री, आणि शेवटी सुटे करून पुन्हा जोडता येतील असे भाग. पायऱ्या गाळता येत नाहीत, असे ते बजावतात. सेवांची भाषा ही चौथ्या पायरीची. आम्ही पहिलीवर उभे राहून चौथीची उडी मारली, आणि बस विकणाऱ्याने ‘मारा, मारा’ म्हटले. ते पुस्तक आमच्या कपाटात होते. मी ते २०१३ च्या ऑगस्टमध्ये नीट वाचले.

जिथे ही कल्पना उत्तम चालली, असे उदाहरण तर आपल्या दाराशीच होते. जुन्या मंडळींना विजेचे बिल घेऊन बँकेत लावलेल्या रांगा आठवत असतील. २००४ साली सौदी मध्यवर्ती बँकेने, म्हणजे ‘सामा’ने, ‘सदाद’ सुरू केले. दहा बँका आणि वीस बिलवाल्या कंपन्या प्रत्येकी एकमेकींना जोडायच्या तर दोनशे जोडण्या लागतात. मधे एक केंद्र ठेवले की तीस पुरतात. हे गणित आमच्याही तक्त्यावर होते. फरक एवढाच, की सदादच्या मागे सामा होती. बिलाचा नमुना काय, पैसे कधी पोचले असे मानायचे, हे ठरवण्याचा अधिकार तिचा, आणि तो सगळ्या बँकांना मान्य. आपल्याकडे २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयमागेही मुंबईच्या ‘एनपीसीआय’ने घालून दिलेले नियम आहेत. आमच्या कंपनीत बस होती, सामा नव्हती.

२००९ च्या जानेवारीत ॲन थॉमस मेन्स या विश्लेषक बाईंनी ‘एसओए मेले’ असे जाहीर करून खळबळ उडवली होती. सेवा मात्र हव्यातच, असेही त्यांनी बजावले होते. लोकांनी पहिले वाक्य लक्षात ठेवले. २०१४ नंतर तेच सोने ‘मायक्रोसर्व्हिसेस’ या नव्या डबीत आले. आमच्याकडे ते मांडायला आलेल्या तरुणाचा भिंतभर तक्ता पाहून मला माझाच जुना फोटो पाहिल्यासारखे झाले. चौकोन मात्र आता तीनशे. मी विचारले, ‘यातला सुट्टीचा चौकोन कोणाचा?’ तो म्हणाला, ‘सर, ते आपण पुढच्या टप्प्यात घेऊ.’ (मुलगा हुशार आहे, पुढे शिकला.)

पण त्या फोरमनच्या कागदाने एक केले. १ जानेवारी २०१८ ला पाच टक्के व्हॅट लागू होणार हे ठरल्यावर मी नवा तक्ता काढलाच नाही. आधी वित्तखात्यातल्या एका माणसाची, लेखी, कराच्या नियमाचा मालक म्हणून नेमणूक करवून घेतली. त्याला तीन महिने आणि अकरा बैठका लागल्या. त्यात कोडची एक ओळही लिहिली गेली नाही, त्यामुळे वरून विचारणा झाली, की काम कधी सुरू करणार. मग कराची एकच सेवा झाली आणि खरेदी, विक्री, कंत्राटे सगळी तिलाच विचारू लागली. मे २०२० मध्ये जाहीर झाले, की १ जुलैपासून व्हॅट पंधरा टक्के. ऐन करोनात, सगळे घरून काम करत असताना, आम्ही तो आकडा एका जागी बदलला. जुन्या कंत्राटांना कोणता दर लावायचा यावर मात्र त्या मालकाने पंधरा दिवस फोनवर वाद घातला. ते त्याचेच काम होते, संगणकाचे नव्हे.

दिनदर्शिकेलाही आता मालक आहे. रमझानमधल्या सहा तासांच्या दिवसाचा नियम मात्र अजून दोन प्रोग्रॅमांत वेगवेगळा बसला आहे, कारण तो हजेरीचा की पगाराचा यावर दोन खात्यांचे एकमत नाही. त्यांची बैठक दोनदा पुढे गेली. तिसरी तारीख मी मागितली आहे, आणि या वेळी त्या फोरमनलाही बोलावले आहे.