विश्वासाचा साक्षीदार : 'महाभोज' आणि 'सिंहासन'

राजकारणी प्रामाणिक असू शकतो काय, हा प्रश्न कादंबरीत नीतीइतकाच कथनरचनेचाही असतो. मन्नू भंडारी यांच्या 'महाभोज' (१९७९) या हिंदी कादंबरीतील मुख्यमंत्री दा साहेब मृदुभाषी, साधे आणि गीतेला प्रमाण मानणारे आहेत. संशयास्पद रीतीने मृत्यू पावलेल्या बिसूच्या बापाच्या, हिराच्या हस्ते ते घरगुती उद्योगयोजनेचे उद्घाटन करवितात. येथे उघड खोटे फारसे बोलले जात नाही. सद्वर्तनाचीच भाषा असत्याच्या कामी लावली जाते. वाचकाचा विश्वास अखेर सक्सेना या पोलीस अधिकाऱ्याकडे वळतो, आणि त्याच्या वाट्याला निलंबन येते.

अरुण साधू यांच्या 'सिंहासन' (१९७७) मधील सत्ताधारी सोज्वळतेचा असा आव आणीत नाहीत. (मुख्यमंत्र्यांविरुद्ध कट करणाऱ्या अर्थमंत्र्याचे नाव मात्र विश्वासराव!) सारे जाणणारा पत्रकार दिगू टिपणीस हतबल आहे, म्हणून ही कृती अधिक निराशावादी वाटेल. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. दिगूच्या नजरेमुळे येथील डाव वाचकाला आरंभापासून डाव म्हणूनच दिसतो; दा साहेब हिराला सन्मानाने पुढे करतात तेव्हा मात्र, सर्व ठाऊक असूनही, तो क्षणभर विरघळतो.