आजीबाईंनी जपलेली पत्रं : पंडिता रमाबाई, श्रद्धा आणि 'लोक काय म्हणतील'

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका प्रकरणाच्या खर्ड्यात एक वाक्य लिहिलं होतं : 'ख्रिस्ती श्रद्धेमुळे पंडिता रमाबाई लोकमताला घाबरल्या नाहीत.' मला ते वाक्य फार आवडलं होतं. गाइडनी त्याखाली पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले : 'कुठल्या लोकांच्या?'

त्या दोन शब्दांनी माझे कित्येक महिने खाल्ले. आजची पोस्ट त्याबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेट देऊन सिनॉप्सिसच्या तयारीत असतील, म्हणून एक पुस्तक आणि ते वाचताना मी केलेली चूक असं दोन्ही तुमच्यासमोर ठेवते.

पुस्तक म्हणजे रमाबाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार. तो सिस्टर जेराल्डाइन यांनी संकलित केला, अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केला. रमाबाईंवर काम करणारा प्रत्येक जण कधी ना कधी या पुस्तकापाशी येतोच. बहुतेक जण त्यातली चार-पाच धारदार वाक्यं उचलतात आणि पुढे जातात. मीही तेच केलं होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, त्या वैद्यकीय शिक्षण घ्यायच्या इराद्याने. कमी ऐकू येत असल्यामुळे तो बेत बारगळला. वाँटेज इथल्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. याच संघाच्या जोगिणी पुण्यातही काम करत होत्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डाइन त्यांच्या धर्ममाता झाल्या. रमाबाई त्यांना पत्रात 'आजीबाई' म्हणतात. हे संबोधन लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण या आजीबाईंशीच आहे.

भांडण सुरू होतं ताटापासून. रमाबाई ख्रिस्ती झाल्या, पण शाकाहारी राहिल्या. अंडं घातलेलं पुडिंगही त्यांना चालत नसे. जेराल्डाइनना त्यात जुन्या जातीचा गर्व दिसला. १८८५ मधल्या उत्तरात रमाबाई दोन गोष्टी करतात. एक, जातीचे काही संस्कार आपल्यात अजून शिल्लक आहेत हे त्या सरळ कबूल करतात. दोन, त्या उलटा प्रश्न टाकतात : एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला आली आणि कुणाला त्रास होत नसताना तिने आपल्या सवयी बदलल्या नाहीत, तर तिला गर्विष्ठ म्हटलेलं तिला आवडेल का?

दुसरा वाद मोठा. रमाबाई तेव्हा डोरोथिया बील यांच्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात होत्या. तरुण पुरुषांना शिकवण्याची कल्पना पुढे आली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांपर्यंत चर्चा गेली. त्यांचा आक्षेप असा की यामुळे रमाबाईंची मायदेशातली प्रतिमा बिघडेल आणि पुढच्या कार्याला धक्का बसेल. म्हणजे बघा, 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न इथे पुण्याच्या पेठांमधून येत नाहीये, चर्चकडून येतोय! रमाबाईंचं उत्तर असं : माझी आई तरुणांना शिकवायची त्याला वडिलांची हरकत नव्हती, मी शिकवायची त्याला नवऱ्याची नव्हती, आणि इथे इंग्रजांना अडचण वाटावी याचं आश्चर्य आहे. पुढे त्या बजावतात की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून नुकती कुठे सुटका झाली आहे. धर्माधिकाऱ्यांचा प्रत्येक शब्द देवाची आज्ञा मानून आपण दुसरं जोखड मानेवर घेणार नाही.

इथे माझं ते लाडकं वाक्य पहिल्यांदा डगमगलं. 'श्रद्धा विरुद्ध लोकमत' असा सामना इथे नाहीच. दोन्ही बाजू श्रद्धावान आहेत. दोघी एकच बायबल वाचतात, एकाच देवापुढे गुडघे टेकतात. मग भांडण कशाचं?

यासाठी मला नव्या करारातल्या पौलाच्या पत्रांकडे जावं लागलं. (सल्ला : धर्मांतरावर काम करत असाल तर त्या धर्माचे ग्रंथ स्वतः वाचा, सारांशावर भागवू नका.) करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल सांगतो की माणसांनी आपला न्याय करावा ही आपल्या लेखी फार क्षुल्लक गोष्ट आहे. पण तो तिथे थांबत नाही. आपण स्वतःही स्वतःचा न्याय करत नाही, न्याय करणारा प्रभू आहे, असं तो जोडतो. त्याच पत्राच्या आठव्या अध्यायात मात्र तो उलट्या बाजूने बोलतो : तुम्हाला एखादी गोष्ट करण्याची मोकळीक असली, तरी तिच्यामुळे दुबळ्या मनाचा भाऊ ठेचकाळणार असेल तर जपा. आणि रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात चक्क खाण्यापिण्याचा विषय आहे : खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष देऊ नये.

म्हणजे एकाच परंपरेत दोन धागे आहेत. एक म्हणतो, माणसांचं मत अंतिम नाही. दुसरा म्हणतो, तरीही माणसांच्या मनाची काळजी घ्या. माझं वाचन असं की १८८५ च्या वादात रमाबाई पहिला धागा ओढत होत्या आणि बिशप दुसरा. दोघी-तिघांपैकी कुणी हे अध्याय पुढे करून वाद घातला असं मी म्हणत नाहीये. ती विचारांची चौकट आहे आणि ती मी लावते आहे. शोधप्रबंधात हा फरक स्पष्ट लिहायचा असतो, नाहीतर व्हायवाला पहिला प्रश्न त्यावरच येतो.

एवढं झाल्यावर मला वाटलं, जमलं. पण पुस्तकातली खरी अडचण पुढेच होती.

हे संकलन कुणी केलं? जेराल्डाइन यांनी. म्हणजे वादातल्या एका पक्षानेच वादाची फाइल तयार केली आहे. कुठलं पत्र कुठे ठेवायचं, त्याआधी काय टिपण लिहायचं, हे त्यांनी ठरवलं. त्यांची टिपणं रमाबाईंच्या गर्वाकडे पुन्हा पुन्हा बोट दाखवतात. आणि 'गर्व' हा मठाच्या भाषेत नुसता स्वभावदोष नसतो, ते पाप असतं. रमाबाई जिथे सद्सद्विवेकबुद्धी म्हणतात, तिथे आजीबाईंना आज्ञाभंग दिसतो. शिवाय हे सगळं इंग्रजीत चाललंय, जी भाषा रमाबाई वयाच्या पंचविशीच्या आसपास नीट शिकत होत्या. त्यांचा सूर तिखट वाटतो तेव्हा तो किती मनाचा आणि किती नव्या भाषेचा, हेही विचारायला हवं.

पण थांबा, लगेच जेराल्डाइनना खलनायिका करू नका. मी केलं होतं आणि ते चुकलं. त्यांनी स्वतःला बोचणारी पत्रंही ठेवली. ती जाळली असती तर आज आपल्या हातात काय राहिलं असतं? रमाबाईंचा ज्या आवाजावर आपण सगळे खूश असतो, तो आपल्यापर्यंत आला तो त्यांना दोष देणाऱ्या बाईमुळे. मला यात नुसता योगायोग दिसत नाही. शेवटचा निवाडा आपला नाही असं मनापासून मानणारा माणूस विरुद्ध पुरावाही जपू शकतो. अर्थात, शेवटी आपणच खरे ठरणार अशी खात्री असलेला माणूसही तेच करतो. यातलं कोणतं, हे पत्रांवरून मला ठरवता आलेलं नाही, आणि ते तसंच लिहायचं मी ठरवलं आहे.

आता पुणे. माझ्या गाइडचा प्रश्न इथे पुरता अंगावर आला.

शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर ते चालत होतं आणि धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचं आश्वासन होतं. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करत, बायबल वाचत. दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळातल्या मंडळींनी अंग काढून घेतलं आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. रमाबाईंची भूमिका अशी की मी कुणाला बोलावत नाही, पण माझं दारही लावणार नाही.

ही भूमिका वाचून मी टाळ्या वाजवल्या होत्या. नंतर प्रश्न पडला की त्या मुलींचं काय? त्यातल्या कितीतरी बालविधवा होत्या. अन्न, कपडे, शिक्षण, माया, सगळं त्यांना एकाच बाईकडून मिळत होतं. अशा बाईच्या उघड्या दारात जाऊन बसणं किती मोकळं असतं? वाँटेजमध्ये रमाबाई आश्रित होत्या आणि आश्रय देणाऱ्याचं मत हा आदेश नव्हे, असं ठणकावत होत्या. पुण्यात त्या स्वतः आश्रय देणाऱ्या होत्या. पहिल्या जागी त्यांना दिसलेला ताण दुसऱ्या जागी तितकाच दिसला का?

याचा अर्थ 'केसरी' बरोबर होता असा नाही. सनातन्यांना त्या मुलींच्या सद्सद्विवेकबुद्धीची चिंता होती असं मानायला फारसा आधार नाही; काळजी होती ती मुली हातच्या जाण्याची. आणि महाराष्ट्राचं मत एकच होतं असंही नाही. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये रमाबाईंची बाजू घेतली होती. तेव्हा 'लोकमत' हा शब्द लिहिताना प्रत्येक वेळी थांबा. वाँटेजचे लोक, बिशप, बॉस्टनचे देणगीदार, पुण्याचे सुधारक, पुण्याचे सनातनी, सत्यशोधक : रमाबाई यातल्या प्रत्येकाशी वेगळ्या पद्धतीने वागल्या. आणि ज्यांचं मत विचारायची कुणाला गरज वाटली नाही, त्या मुली या यादीत शेवटीसुद्धा येत नाहीत.

आधीच्या अभ्यासकांकडे वळले तर उमा चक्रवर्ती रमाबाईंना जात आणि ब्राह्मणी पितृसत्तेच्या इतिहासात ठेवतात. गौरी विश्वनाथन त्यांचे धर्मविषयक मतभेद बौद्धिक वाद म्हणून गांभीर्याने घेतात. मीरा कोसंबींनी रमाबाईंचं स्वतःचं लेखन पुन्हा आपल्यासमोर आणलं. मी या तिघींच्या खांद्यावर उभी आहे. पण 'बंडखोर रमाबाई' ही प्रतिमा आपल्याला इतकी आवडते की १९०७ ची रमाबाई आपण घाईघाईने उरकतो. त्या वर्षीच्या आपल्या साक्षीत त्या मागे वळून म्हणतात की आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नंतर सापडला. म्हणजे १८८५ च्या ज्या पत्रांवर आपण भाळतो, त्या काळाला त्या स्वतःच अपुरा ठरवतात! मग कोणती रमाबाई प्रमाण मानायची? माझं उत्तर : कोणतीच एकटी नाही. १९०७ चं लेखन १८८५ बद्दलचा पुरावा म्हणून वापरू नका, १९०७ बद्दलचा पुरावा म्हणून वापरा.

तुमच्या कामासाठी यातून तीन प्रश्न घेऊन जा. पत्र कुणी लिहिलं हे तर विचाराच, पण ते कुणी जपलं? 'समाज', 'लोक', 'परंपरा' असा शब्द आला की त्यात नेमकी कोण माणसं आहेत? आणि तुमची नायिका जे स्वातंत्र्य स्वतःसाठी मागते, ते तिच्या हाताखालच्यांना मिळतं का? तिसरा प्रश्न सगळ्यात जड जातो, कारण तोवर आपला तिच्यावर जीव जडलेला असतो.

माझं ते वाक्य आता असं आहे : 'माणसांचा निवाडा अंतिम नसतो या श्रद्धेने रमाबाईंना आश्रयदात्यांसमोर ताठ उभं राहण्याचं बळ दिलं, त्या स्वतः आश्रयदात्या झाल्यावर त्याच श्रद्धेने त्यांना किती सावध केलं, हे तपासावं लागेल.' वाक्य लांबलं आहे आणि पहिल्याइतकं टाळ्या घेणारं नाही. गाइडनी या वेळी खाली काही लिहिलं नाही, नुसती बरोबरची खूण केली. ती 'वाचलं' अशीही असू शकते. विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.