‘बोळावा’ व ‘बोळवण’ : व्युत्पत्ती आणि अर्थविचार

वाटेवरच्या भयापासून रक्षण करण्यासाठी प्रवाशाबरोबर जाणारा सोबती किंवा त्याची ती सोबत, हा ‘बोळावा’ या शब्दाचा अर्थ होय. आज तो व्यवहारातून लोपला आहे. त्याचे भावंड असलेले ‘बोळवण’ मात्र टिकून आहे. परंतु आश्वासनांवर केलेली बोळवण हाच त्याचा प्रयोग आता अधिक कानी पडतो. ज्या शब्दकुलात सोबत देण्याचा भाव होता, त्यातच टाळण्याचा भाव कसा आला, हा प्रश्न केवळ कोशकारांपुरता नाही. जुन्या ग्रंथांतील ‘बोळवण’ आजच्या अर्थाने वाचली गेली, तर आदराच्या जागी अनादर दिसू लागेल.

प्रथम व्युत्पत्ती. ‘बोलावणे’ या क्रियापदाशी या शब्दाचा संबंध जोडण्याचा मोह होतो. पण तो ध्वनिदृष्ट्या टिकत नाही. हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘कथ्’ धातूला ‘बोल्ल’ हा आदेश सांगितला आहे, तर ‘गम्’ धातूच्या आदेशांत ‘वोल’ दिला आहे. प्राकृतातील जोड ‘ल्ल’चा मराठीत ‘ल’ होतो व स्वरांमधील एकेरी ‘ल’चा ‘ळ’ होतो. म्हणून ‘बोल्ल’पासून ‘बोलणे’ आणि ‘वोल’च्या प्रयोजक रूपापासून, म्हणजे ‘जावयास लावणे, मार्गी लावणे’ या अर्थापासून, ‘बोळविणे’ अशी वाटणी सुसंगत ठरते. ‘वळविणे’शी संबंध लावल्यास ‘ओ’ या स्वराचा उलगडा होत नाही. आद्य ‘व’चा ‘ब’ होणे हे मराठीत नेहमीचे नव्हे, ही अडचण उरतेच; तथापि गुजरातीतील ‘वोळावियो’ हे रक्षक सोबत्याचे नाव मूळ ‘व’कडे निर्देश करते.

गुजरात-राजस्थानात हे काम पुष्कळदा चारण व भाट करीत. त्यांचा धाक केवळ शस्त्राचा नसे. लुटारूंनी मालाला हात घातल्यास ते स्वतःलाच इजा करून घेत, प्रसंगी प्राणही देत, आणि त्या हत्येचे पातक लुटारूंवर येई. या कृत्यास ‘त्रागा’ म्हणत. मराठीत आज ‘त्रागा’ म्हणजे निव्वळ चिडचिड. एकाच व्यवहारातील दोन शब्दांची पत अशी एकाच दिशेने उतरली आहे.

अर्थपरिवर्तनाचा क्रम असा मांडता येईल : वाटेत सोबत करणे, पाहुण्याला काही अंतर पोचविणे, निरोप देणे, निरोपाच्या वेळी काही हाती देणे, आणि शेवटी थोडक्यावर वाटेला लावणे. फारसीतील ‘बद्रका’ या शब्दाचा अर्थही वाटरक्षक किंवा वाटाड्या असाच होता. आजच्या फारसीत मात्र तो निरोप देण्याच्या अर्थी रूढ आहे. यावरून रक्षणाकडून निरोपाकडे होणारी वाटचाल हा मराठीचा एकटीचा विक्षेप नव्हे, असे दिसते. निरोपाकडून उपेक्षेकडे पडलेले पाऊल मात्र मराठीचे स्वतःचे आहे.

कोशांत हे अर्थ केवळ एकाखाली एक नोंदविणे म्हणूनच अपुरे आहे. त्यांचा क्रम व काळ दाखविला पाहिजे. लेकीची किंवा गणपतीची बोळवण करताना माणसे अजूनही चार पावले बरोबर चालतात. मूळ अर्थ त्या चार पावलांत शिल्लक आहे.