शिलकी प्रकाशनांची विल्हेवाट : एका नियमाची चिकित्सा

सरकारी खात्याच्या कोठारात साचलेल्या छापील प्रकाशनांचे पुढे काय व्हावे, हे सहसा ग्रंथपाल ठरवीत नाही. ते भांडार-विभागात ठरते. केंद्रीय खात्यांपुरता त्याचा आधार म्हणजे 2017 चे सामान्य वित्तीय नियम. हे नियम कोणी वाङ्मय म्हणून वाचीत नाही. तथापि संशोधनसाधनांचे भवितव्य ज्या शब्दांवर अवलंबून आहे, ते तपासणे अप्रस्तुत ठरू नये.

नियम 217 नुसार एखादी वस्तू विभागाच्या उपयोगाची नसेल, तर तिला शिलकी, कालबाह्य अथवा निकामी ठरविता येते. तशी कारणे ती वस्तू खरेदी करण्यास सक्षम असलेल्या अधिकाऱ्याने नोंदवावयाची असतात. ही भाषा खुर्च्या-टेबलांना शोभते. खात्याने स्वतः छापलेला अहवाल खरेदी केलेला नसतो. आणि विक्रीस ठेवलेले प्रकाशन खात्याच्या उपयोगासाठी नसतेच, ते वाचकांसाठी असते. उपयोगाची कसोटी मात्र खात्याकडेच राहिली आहे, आणि नियमाचा खरा दोष आमच्या मते हाच होय. शिवाय ‘शिलकी’ म्हणजे प्रती फार, ‘कालबाह्य’ म्हणजे मजकूर जुना. या दोन अगदी भिन्न अवस्थांना नियमाने एकच औषध सांगितले आहे.

नवल असे की, याच नियमावलीला हा भेद अज्ञात नाही. ग्रंथालयातील पुस्तकांसाठी नियम 215 स्वतंत्र तरतूद करतो. देवघेवीतील हजार ग्रंथांमागे वर्षाला पाच ग्रंथांची हानी तो वाजवी मानतो. पण दुर्मिळ ग्रंथ हरवल्यास, त्याची किंमत कितीही असो, चौकशी आवश्यक ठरवितो. म्हणजे ग्रंथालयातील दुर्मिळ प्रत गेली तर चौकशी, आणि त्याच ग्रंथाच्या कोठारातील उरल्यासुरल्या प्रती रद्दीच्या भावाने गेल्या तर केवळ हिशेबातील एक जमा!

कालबाह्यतेचे उदाहरण जिल्हा जनगणना हस्तपुस्तिकांचे घ्यावे. 1971 ची पुस्तिका निघाली की 1961 ची कार्यालयाच्या दृष्टीने जुनी होते. परंतु जालना जिल्हा 1981 साली निर्माण झाला. त्यातील गावांचा त्यापूर्वीचा शोध औरंगाबाद व परभणी यांच्या पुस्तिकांतच घ्यावा लागतो. उजनीच्या जलाशयात बुडालेल्या गावांची मूळ जागेवरील स्थितीही जुन्याच खंडांतून कळते. खात्याचे काम नवीन आकड्यांवर चालते, अभ्यासकाचे काम दोन आकड्यांमधील अंतरावर. जनगणनेचे अनेक जुने खंड आता संगणकावर वाचावयास मिळतात हे खरे. पण घडीचे नकाशे प्रत्येक वेळी नीट उलगडून टिपलेले असतीलच, असे नाही.

सर्व प्रती कायम सांभाळाव्यात, असे येथे सुचवावयाचे नाही. वाळवी आणि ओल यांच्याशी झुंजणाऱ्या भांडारपालाला तो उपदेश क्रूर वाटेल. 1954 च्या ग्रंथ-प्रदान कायद्याने सरकारी प्रकाशनेही निवडक ग्रंथालयांकडे जातात. मात्र केवळ कार्यालयीन उपयोगाची पुस्तके त्यातून वगळलेली आहेत, आणि नेमकी तीच पुढे दुर्मिळ होतात. अमेरिकेत 1962 च्या कायद्याने सरकारी प्रकाशने घेणाऱ्या ग्रंथालयांना एक क्रम घालून दिला: पाच वर्षे जतन करावे, मग विभागीय ग्रंथालयाच्या अनुमतीने आधी त्या क्षेत्रातील अशाच ग्रंथालयांना, नंतर इतरांना देऊ करावे, आणि त्यानंतरच टाकावे. ती व्यवस्था ग्रंथालयांची, कोठारांची नव्हे. तरी लिलावापूर्वी शीर्षकांची यादी विद्यापीठांकडे धाडून ठरावीक मुदतीत मागणी मागविणे, एवढे आपल्या नियम 217 मध्ये एका उपनियमाने घालता येईल. त्यास लागणारा खर्च टपालाचा आहे.